उन्हाळी सुट्टीत मुलांसह गड आणि जुनी मंदिरे कशी पाहावीत: कोल्हापूरकरांसाठी एका दिवसाचे नियोजन

मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, भाचरे राहायला आलेली असतात आणि ‘कुठेतरी जाऊया’ हा हट्ट रोज चालू असतो. कोल्हापूरच्या आसपास पाहण्यासारखे इतके आहे, की एकाच दिवसात जोतिबा, पन्हाळा, अंबाबाई, नवा राजवाडा आणि रंकाळा उरकण्याचा मोह होतो. आम्हीही एका वर्षी तसेच केले. दुपारी दोनच्या सुमारास धाकट्याला उलट्या सुरू झाल्या आणि उरलेला दिवस दवाखान्यात गेला. तेव्हापासून एक दिवस, एक ठिकाण हा आमच्या घरचा नियम आहे आणि पुढील पायऱ्या त्याच नियमावर आधारलेल्या आहेत.

पहिली पायरी: ठिकाण आणि वार ठरवणे

चालू शकणारी, साधारण सात वर्षांपुढची मुले असतील तर पन्हाळा निवडावा. आजी-आजोबा सोबत असतील तर खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर अधिक सोयीचे, कारण तेथे चढ नाही. ऊन फारच कडक असेल तर शहरातील टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात अर्धा दिवस चांगला जातो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती मुलांना आवर्जून दाखवावी. पंचगंगेच्या काठावर ग्रीक देव कसा आला, हा प्रश्न ती स्वतःच विचारतात. अशी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. चैत्र पौर्णिमेच्या आसपास जोतिबाची यात्रा असते. त्या दिवसांत पन्हाळ्याचा बेत आखू नये, कारण वाघबीळपर्यंतचा रस्ता गाड्यांनी भरून जातो.

दुसरी पायरी: एक प्रश्न सोबत घेणे

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली पायरी हीच आहे. मुलांना सनावळी पाठ करून नेण्यापेक्षा एकच प्रश्न देऊन न्यावे आणि त्याचे उत्तर गडावर शोधायला लावावे. पन्हाळ्यासाठी आमचा प्रश्न असा असतो: आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने १६६० साली मार्चपासून जुलैपर्यंत गडाला वेढा घातला, तेव्हा आतल्या माणसांनी चार महिने काय खाल्ले, काय प्यायले आणि शिवाजी महाराज बाहेर कसे पडले? अंबरखाना (धान्याची कोठारे), अंधारबाव (विहीर), तीन दरवाजा आणि राजदिंडी (महाराज ज्या लहान दारातून निसटले ते) ही चार ठिकाणे मग चार वेगवेगळे थांबे राहत नाहीत. एकाच गोष्टीचे ते चार तुकडे होतात. गोष्ट आदल्या रात्री जेवताना सांगावी आणि अर्धवट सोडावी. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांच्यापर्यंत येऊन थांबले, तर सकाळी मुलांना उठवावे लागत नाही.

तिसरी पायरी: पिशवी भरणे

माणशी किमान दोन लिटर पाणी, कैरीचे पन्हे किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत, काकडी, भाजलेले शेंगदाणे, भाकरी आणि खर्डा एवढे पुरते. दह्या-दुधाचे पदार्थ उन्हात गाडीत ठेवू नयेत. सुती टोपी किंवा पंचा, ओआरएसची पाकिटे, एक टॉर्च, कोरी वही, नाक्यावरील प्रवासी करासाठी सुटे पैसे आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी आठवणीने घ्यावी. मंदिर पाहायचे असेल तर प्रत्येकासाठी जुने मोजे ठेवावेत. चप्पल बाहेर काढल्यावर अकराच्या पुढे फरशी अशी तापते, की लहान मुले दोन पावलांत रडू लागतात.

चौथी पायरी: उन्हाच्या हिशोबाने गड पाहणे

कोल्हापूरहून पन्हाळा सुमारे वीस किलोमीटर आहे. सकाळी सहाला निघाले, की सातपूर्वी गडावर पोहोचता येते. तेव्हा ऊन पूर्वेकडून येत असते, म्हणून प्रथम पश्चिमेकडील तीन दरवाजाकडे जावे आणि लगेच शेजारच्या अंधारबावेत उतरावे. ही तीन मजली विहीर आहे: तळाशी पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघणारी चोरवाट आणि वर पहारेकऱ्यांची जागा. पायऱ्या उतरताना मुलांना बोलणे थांबवायला सांगावे. चार-पाच पायऱ्यांनंतर अंगावरचा घाम गार होतो, डोळ्यांना अंधार सरावला की दगडाचा ओलसर वास येतो आणि शत्रूने बाहेरचे पाणी नासवले तरी हे पाणी का सुरक्षित राहिले असते, ते समजावून सांगण्याची गरज उरत नाही. पायऱ्या झिजलेल्या आणि निसरड्या आहेत. लहानांचा हात सोडू नये.

नऊच्या सुमारास अंबरखान्याकडे वळावे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी या कोठारांची नावे असून, त्यांतल्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी (खंडी हे जुने माप) धान्य मावत असे, असे सांगितले जाते. छतातील भोके दाखवून मुलांना विचारावे, की ती कशासाठी असतील. धान्य वरून ओतण्यासाठी, हे उत्तर बहुतेक वेळा सर्वांत लहान मूल देते. जाड भिंतींमुळे आत गारवा असतो, त्यामुळे येथे अर्धा-पाऊण तास घालवला तरी चालतो. वहीत आराखडा काढायला हीच जागा योग्य.

साडेअकरानंतर फिरणे बंद करावे. तबक उद्यानातील झाडांखाली जेवण, थोडी झोप आणि पानांच्या द्रोणात मिळणारी करवंदे, जांभळे असा दुपारचा वेळ जाऊ द्यावा. चारनंतर पूर्वेच्या कड्यावरील सज्जा कोठी या जुन्या इमारतीकडे जावे, कारण तोवर ऊन पाठीमागे गेलेले असते. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांची १६८० च्या प्रारंभी पन्हाळ्यावर भेट झाली होती, हे येथेच सांगावे.

खिद्रापूरला मात्र हे वेळापत्रक उलटे करावे लागते. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध मोठे गोल छिद्र आहे आणि त्याच्या बरोबर खाली गोल शिळा आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सूर्य आपल्या भागात दुपारी साडेबाराच्या सुमारास नेमका डोक्यावर येतो, म्हणजे प्रकाशाचे वर्तुळ सरळ खाली उतरते. या एका दृश्यासाठी भर दुपारी तेथे असणे योग्य आहे. मंडपात सावली असल्याने त्रासही कमी होतो. नंतर बाहेरच्या गजपीठावरील हत्ती मुलांना मोजायला लावावेत आणि परतताना नरसोबावाडीला संगमावर थांबून बासुंदी घ्यावी.

पाचवी पायरी: ऊन आणि वळीव यांच्यावर लक्ष ठेवणे

मूल अचानक गप्प झाले, मागे राहू लागले, डोके दुखते म्हणाले किंवा लघवीला बराच वेळ गेले नाही, तर पाहणे तेथेच थांबवावे. सावलीत बसवून मानेवर व काखेत ओले कापड ठेवावे आणि ओआरएस घोट घोट पाजावे. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. बंद गाडीत मुलांना एकटे पाच मिनिटेही ठेवू नये.

मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. पश्चिमेला ढग काळे झाले आणि वारा थांबला, की बुरुजावरून व तटावरून ताबडतोब खाली यावे आणि एकट्या झाडाखाली उभे राहू नये. पाऊस सरेपर्यंत गाडीत बसावे. पहिल्या सरीनंतर घाटाचा रस्ता फार निसरडा होतो, त्यामुळे अर्धा तास थांबून मगच गाडी खाली काढावी.