क्लाउड सर्टिफिकेशनचे शब्द लक्षात ठेवायचे कसे? जोडीची वही करा

क्लाउडची परीक्षा द्यायची ठरवली की पहिल्याच आठवड्यात माणूस शब्दांखाली गाडला जातो. आयएएम, व्हीपीसी, केएमएस, वॅफ, एनएसीएल, संपतच नाही. मी सुरुवातीला सगळ्यांसारखंच केलं, एक जाड वही घेतली, डावीकडे शब्द, उजवीकडे व्याख्या, रोज रात्री घोकंपट्टी, आणि पहिल्याच सराव परीक्षेत सपशेल आपटले. गंमत म्हणजे व्याख्या सगळ्या पाठ होत्या. पण परीक्षा व्याख्या विचारतच नाही ना! ती चार पर्याय देते, त्यातले दोन उघड चुकीचे असतात आणि उरलेले दोन जुळ्या भावांसारखे दिसतात. मार्क तिथेच जातात. म्हणून शब्द एकटा शिकायचाच नाही, ज्याच्याशी त्याचा घोळ होतो त्या शब्दाबरोबर शिकायचा. मी दुसरी वही केली, एका पानावर एकच जोडी, आणि ती कशी करायची तेच इथे सांगते.

उदाहरणाला एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर आणि बाकीच्या सोयी) क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षा घेते, कोड सीएलएफ-सी०२, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १००० पैकी ७०० ला पास, फी १०० डॉलर. ६५ पैकी १५ प्रश्नांचे मार्क धरतच नाहीत, पण ते कुठले हे सांगतही नाहीत. मायक्रोसॉफ्टचं अझूर किंवा गुगलचं क्लाउड करत असाल तरी पद्धत तीच, फक्त सर्व्हिसची नावं बदलतात.

पहिली पायरी: कुठलाही कोर्स विकत घ्यायच्या आधी परीक्षेची ऑफिशियल गाइड उतरवून घ्या, फुकट आहे. त्यात कुठल्या भागाला किती वजन ते दिलंय: क्लाउडच्या मूळ कल्पना २४ टक्के, सिक्युरिटी आणि कंप्लायन्स (नियम पाळणं) ३०, टेक्नॉलॉजी आणि सर्व्हिसेस ३४, बिलिंग आणि सपोर्ट १२. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा सिक्युरिटीचा, आणि लोक नेमकं तेच शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात. गाइडच्या शेवटी सर्व्हिसेसची यादी आहे, कुठल्या येऊ शकतात आणि कुठल्या येणार नाहीत. न येणाऱ्यांवर सरळ काट मारा, ओझं तिथेच हलकं होतं.

दुसरी पायरी: शब्दाचं मराठी भाषांतर करत बसू नका. इलॅस्टिसिटीला लवचिकता लिहिलंत की परीक्षेत परत उलटं भाषांतर करावं लागणार. शब्द जसाच्या तसा ठेवा, समजूत मात्र तुमच्या मराठीत लिहा, घरी बोलता तशी.

मूळ कल्पनांसाठी एकच जागा पुरे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली, कागदाचा नंबर एसपी ८००-१४५. पाच लक्षणं, तीन सर्व्हिस मॉडेल, चार डिप्लॉयमेंट मॉडेल, मुख्य मजकूर जेमतेम दोन पानांचा. तीन सर्व्हिस मॉडेल समजावताना सगळीकडे पिझ्झा देतात, मला मंगल कार्यालय जास्त पटतं. आयएएएस (इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस) म्हणजे नुसता हॉल घेतला, लाइट-पाणी त्यांचं, आचारी, भांडी, वाढपी सगळं तुमचं. पीएएएस (प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस) म्हणजे आचारी, भांडी, गॅस त्यांचा, तुम्ही फक्त मेनू द्यायचा, इथे मेनू म्हणजे तुमचा कोड. एसएएएसमध्ये (सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस) तुम्ही पाहुणे, पानावर येऊन बसायचं.

आणि मग कळीचा प्रश्न, भांडी कोण घासणार? परीक्षेतलं शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी मॉडेल, कुठलं काम तुमचं आणि कुठलं क्लाउड कंपनीचं, म्हणजे हाच प्रश्न. ईसीटूवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, ऑपरेटिंग सिस्टिमचं पॅचिंग (त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट टाकणं) तुमच्या गळ्यात, आरडीएस, म्हणजे तयार डेटाबेस, घेतलं की तेच पॅचिंग एडब्ल्यूएसकडे जातं. डेटा सेंटरची इमारत, कुलपं, हार्डवेअर कायम त्यांचं. पण डेटा कोणाला दाखवायचा हे कायम तुमचं, कुठल्याही मॉडेलमध्ये. या विषयावरचा प्रश्न आला की भांडी आठवा, बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

तिसरी पायरी म्हणजे जोड्या, खरा वेळ इथे घालवा. पानाच्या मध्ये रेघ मारा, दोन बाजूंना दोन शब्द, आणि खाली एकच वाक्य, फरक सांगणारं. व्याख्या नकोच. माझ्या वहीतल्या काही जोड्या देते.

ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन. लोकलच्या पासबरोबर फोटोचं ओळखपत्र असतं, ते सांगतं की तुम्ही कोण. पास सांगतो की कुठल्या डब्यात बसायचं. सेकंड क्लासचा पास घेऊन फर्स्टमध्ये चढलात तर ओळख खरी आहे हो, परवानगी नाही, टीसी पावती फाडणारच. वेबवरचे ४०१ आणि ४०३ हे एरर पण असेच, ४०१ म्हणजे आधी ओळख दाखव, ४०३ म्हणजे ओळखलं, तरी आत येऊ नको. ४०१ चं नाव मात्र अनऑथराइज्ड ठेवलंय, ज्याने ठेवलं त्याला नमस्कार.

एन्क्रिप्शन, हॅशिंग आणि एन्कोडिंग, ही तिघांची जोडी. एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप, किल्ली असेल तर माल परत मिळतो. हॅशिंग म्हणजे ज्वारी दळून आणली, पिठाची परत ज्वारी होत नाही. एसएचए-२५६ या हॅशिंगच्या पद्धतीत एक अक्षर घाला नाहीतर आख्खा पिक्चर घाला, बाहेर २५६ बिटच येतात. आणि बेस-६४ सारखं एन्कोडिंग म्हणजे मोडी लिपीतलं पत्र, बघणाऱ्याला वाटतं काहीतरी गुपित आहे पण ज्याला मोडी येते तो घडाघडा वाचतो, किल्ली लागतच नाही. पासवर्ड बेस-६४ करून ठेवला आणि सुरक्षित झाला असं म्हणणारे लोक मी नोकरीत स्वतः पाहिलेत.

रीजन आणि अव्हेलेबिलिटी झोन. रीजन म्हणजे डेटा सेंटर असलेला भूभाग, झोन त्याच्या आत. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन २०१६ ला सुरू झालं, कोड नाव एपी-साउथ-१, त्यात तीन झोन आहेत, म्हणजे वेगवेगळी वीज आणि नेटवर्क असलेले डेटा सेंटरचे तीन गट. एक झोन बसला तरी काम चालू राहावं म्हणून दोन झोनमध्ये ठेवायचं. आणि डेटा देशातच ठेवायचा असेल, रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटच्या डेटासाठी तसं बंधन घातलं, तर तो प्रश्न झोनचा नाही, रीजनचा.

आरपीओ आणि आरटीओ, म्हणजे रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह आणि रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह. आरटीओवर हसून घ्या एकदा, लायसन्सचं ऑफिस नाही हे. रोज रात्री दोनला बॅकअप होतो, संध्याकाळी पाचला सर्व्हर मेला, तर मधल्या पंधरा तासांचा डेटा गेला. जास्तीत जास्त किती वेळचा डेटा गेलेला चालेल ते आरपीओ. परत सुरू व्हायला जास्तीत जास्त किती वेळ चालेल ते आरटीओ. आरपीओ मागे बघतो, आरटीओ पुढे.

आता एडब्ल्यूएसच्या सर्व्हिसची नावं. क्लाउडट्रेल, क्लाउडवॉच: कोणी काय केलं, आणि सिस्टिमची तब्येत कशी आहे. गार्डड्यूटी, इन्स्पेक्टर, मेसी: संशयास्पद हालचाल, मशीनमधल्या ज्ञात त्रुटी, आणि एसथ्रीमध्ये (फाइली साठवायची सर्व्हिस) पडलेली संवेदनशील माहिती, हे अनुक्रमे शोधतात. एवढंच पुरे या पातळीला.

चौथी पायरी: निदान दोन-तीन जोड्या हाताने करून बघा. पण अकाउंट उघडल्यावर सगळ्यात आधी रूट युजरला (अकाउंटच्या मुख्य लॉगिनला) एमएफए, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक ओळख, लावा आणि बजेट अलर्ट (खर्च वाढला की सूचना) टाका, मग बाकीचं. नॅट गेटवे (आतल्या मशीनना बाहेरच्या इंटरनेटवर जायची वाट) वापरला नाही तरी तासावर पैसे घेतो, प्रॅक्टिस झाली की डिलीट करायचा म्हणजे करायचाच.

मी सिक्युरिटी ग्रुप आणि एनएसीएल असंच शिकले, चूक करून. दोन्ही नेटवर्कवरचे पहारेकरीच, पहिला मशीनवर, दुसरा सबनेटवर, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्यावर. एका मशीनवर छोटं वेब पेज ठेवलं, सिक्युरिटी ग्रुपमध्ये पोर्ट ८० (वेब पेजचा नेहमीचा दरवाजा) उघडलं, पेज दिसलं, छान. मग हौस म्हणून सबनेटला नवीन एनएसीएल लावला, आत येणाऱ्या बाजूला पोर्ट ८० अलाउ केलं, आणि पेज गोल गोल फिरायला लागलं. दीड तास मी सर्व्हरच रीस्टार्ट करत बसले होते, चहा दोनदा गार झाला. कारण साधं होतं. सिक्युरिटी ग्रुप स्टेटफुल, सोसायटीच्या जुन्या वॉचमनसारखा, ज्याला आत सोडलं त्याला जाताना विचारत नाही. एनएसीएल स्टेटलेस, नाक्यावरच्या तपासणीसारखा, येताना वेगळं चेकिंग, जाताना वेगळं. आणि आपण नवीन बनवलेल्या एनएसीएलमध्ये सुरुवातीला दोन्ही बाजू बंदच असतात. उत्तर परत जातं ते ८० वर नाही, ब्राउझरने घेतलेल्या तात्पुरत्या पोर्टवर, म्हणून बाहेर जाणाऱ्या बाजूला १०२४ ते ६५५३५ उघडलं आणि पेज झटकन आलं. आणखी एक फरक त्याच पानावर लिहून ठेवलाय, सिक्युरिटी ग्रुपला फक्त हो म्हणता येतं, एनएसीएलला नाही पण म्हणता येतं. म्हणजे एखादा ठराविक आयपी अडवायचाय असा प्रश्न आला आणि पर्यायांत हे दोघे असले तर एनएसीएल.

पाचवी पायरी: सराव परीक्षेत चुकलेला प्रश्न लिहायचा नाही, कुठल्या दोन शब्दांत घोळ झाला तेवढं लिहायचं. ती जोडी वहीत असेल तर पुढे एक टिंब, नसेल तर नवीन पान. तीन टिंबं झालेली पानं शेवटच्या आठवड्यात रोज, बाकीची आठवड्यातून एकदा. माझ्या वहीत शेवटी चाळीसेक पानं झाली आणि त्यातली आठ-नऊच सारखी छळत होती.

बुकिंग करताना एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. इंग्रजी मातृभाषा नसेल आणि परीक्षा इंग्रजीत देत असाल तर ३० मिनिटं जास्त मिळतात, फक्त तारीख बुक करायच्या आधी अकाउंटमधून तशी विनंती टाकावी लागते, नंतर आठवून उपयोग नाही. परीक्षेत प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचा, कमीत कमी खर्च हवाय की कमीत कमी देखभाल हे तिथेच लिहिलेलं असतं. अडलात तर फ्लॅग करून पुढे जा. निगेटिव्ह मार्किंग नाही, पण कोरा सोडलेला प्रश्न चूकच धरतात, तेव्हा वेळ संपायच्या आत प्रत्येक प्रश्नावर काहीतरी टिक केलेलं असू द्या.