‘वेल डन, सर!’ इंग्रजीत कौतुक करताना या चुका टाळा

‘छान केलंस’ आणि ‘छान केलंत’. मराठीत शेवटच्या एका अक्षरावर सगळा आदर तोललेला असतो. इंग्रजीत मात्र धाकट्यालाही ‘यू’ आणि थोरल्यालाही ‘यू’. मनात जुळवलेलं मराठी वाक्य तसंच इंग्रजीत उतरवलं की तो ‘त’ वाटेतच गळून पडतो.

याचा ठळक नमुना म्हणजे ‘वेल डन’ आणि ‘गुड जॉब’. साहेबांचं प्रेझेंटेशन संपतं आणि हाताखालचा माणूस म्हणतो, ‘वेल डन, सर’. ही शाबासकी झाली. ती वरून खाली जाते. साहेबांचीच पाठ थोपटल्यासारखं वाटतं. ‘आय अ‍ॅम प्राउड ऑफ यू’ची तीच गत. ‘सर, आम्हाला तुमचा अभिमान वाटतो’ हे मराठीत शोभतं, पण ते इंग्रजी वाक्य सहसा आईवडील मुलांना किंवा प्रशिक्षक खेळाडूला म्हणतात. वरिष्ठांना ‘आय लर्न्ट अ लॉट फ्रॉम युअर प्रेझेंटेशन’ म्हणा. आदर पोचतो आणि आगाऊपणाही होत नाही.

‘लुक अप टू’ म्हणजे एखाद्याबद्दल आदर वाटणं. हा बोलण्यातला प्रयोग, बहुधा वयाने किंवा अनुभवाने मोठ्या माणसाबद्दलचा. त्यातला ‘टू’ खाल्लात तर अर्थ होतो शब्दकोशात शोधणं. ‘आय लुक अप माय टीचर’ म्हणजे बाईंना कुठल्यातरी यादीत हुडकणं! दुसऱ्या टोकाला त्याच अर्थाचा, पण फार औपचारिक ‘होल्ड इन हाय एस्टीम’. शिफारसपत्रात ‘शी इज हेल्ड इन हाय एस्टीम बाय हर कलीग्ज’ छान दिसतं. मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच पाठवलं तर त्याला वाटेल, खेचतोय. या दोघांच्या मध्ये ‘थिंक हायली ऑफ’ आहे. मेलमध्ये चालतं, मीटिंगमध्ये चालतं. अडलात की हेच घ्या.

‘अ‍ॅडमायर’ जपून वापरा. नुसतं ‘आय अ‍ॅडमायर यू’ फार जवळिकीचं वाटू शकतं, त्यातून फारशी ओळख नसलेल्या सहकाऱ्याला म्हटलं तर अवघडलेपणच येतं. त्याला एखादा गुण जोडा: ‘आय अ‍ॅडमायर युअर पेशन्स’. किंवा कृती जोडा: ‘आय अ‍ॅडमायर हर फॉर स्पीकिंग अप’. आणि ‘आय अ‍ॅम अ‍ॅडमायरिंग यू’ नको. आपल्या ‘कौतुक करतोय’मधून ते येतं, पण आदर ही मनाची स्थिती असल्याने इथे साधा वर्तमानकाळच हवा.

‘अ‍ॅप्रिशिएट’ म्हणजे कौतुक, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. समोरच्याला थेट म्हणताना मात्र त्यात बहुधा आभार असतात. ‘आय अ‍ॅप्रिशिएट युअर हेल्प’ म्हणजे ‘मदत केलीत, बरं वाटलं’.

किरकोळ दुरुस्त्या: ‘आय अ‍ॅम युअर बिग फॅन’ नाही, ‘आय अ‍ॅम अ बिग फॅन ऑफ युअर्स’. ‘इम्प्रेस्ड फ्रॉम’ नाही, ‘इम्प्रेस्ड बाय’ किंवा ‘विथ’. ‘व्हेरी फँटास्टिक’ नाही, ‘अ‍ॅब्सोल्यूटली फँटास्टिक’.

‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ आपल्याकडे अर्जाच्या सुरुवातीला नमस्कारासारखं येतं. इंग्रजीभाषक सहकाऱ्यांच्या मीटिंगमध्ये ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ म्हणालात की समोरचा सावरून बसतो, कारण पुढे विरोधच येणार हे त्याला ठाऊक असतं. स्तुतीच्या आधी ते लावू नका.

आता हा मेल पाहा: ‘रिस्पेक्टेड सर, यू आर ग्रेट. हॅट्स ऑफ! युअर टॉक वॉज ऑसम.’ ‘रिस्पेक्टेड’ अर्जातलं, ‘हॅट्स ऑफ’ टाळ्यांच्या गजरातलं, ‘ऑसम’ कॉलेजच्या कट्ट्यावरचं. पैठणीवर स्पोर्ट्स शूज. शिवाय व्याख्यान कशावर होतं, याचा पत्ता नाही. तोच मेल असा लिहा: ‘डिअर प्रोफेसर’, पुढे आडनाव. मग ‘थँक यू फॉर युअर टॉक ऑन मंडे. युअर पॉइंट अबाउट ग्राउंडवॉटर वॉज न्यू टू मी.’ यानंतर त्याच मुद्द्यावर एखादा प्रश्न विचारा. उत्तर येण्याची शक्यता वाढते.