गोव्याच्या उकाड्यात टिकणारी सुगंधी ग्लास-मेणबत्ती: मिश्र मेणाची कृती

ग्लासात ओतायचे सोया मेण साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडायला लागते. थंड हवेच्या गावात याचा त्रास होत नाही. पण मे महिन्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात भर दुपारी स्टॉल मांडला, की निव्वळ सोयाच्या मेणबत्तीवर तेलाचे थेंब दिसू लागतात. निव्वळ पॅराफिन उन्हाला टिकते, पण थंड होताना आकसते आणि मधोमध खड्डा पडतो. म्हणून मिश्रण करायचे. सोयामुळे मेण ग्लासाला धरून राहते, पॅराफिनमुळे वास खोलीभर पसरतो आणि मधमाशीच्या थोड्या मेणामुळे सगळ्याला ताठपणा येतो.

२०० मिलीच्या, आतून ७ सेंटिमीटर रुंद अशा चार ग्लासांसाठी हे प्रमाण घ्या: सोया मेण ३४० ग्रॅम, ५८ ते ६० अंशांना वितळणारे पॅराफिन १७० ग्रॅम, मधमाशीचे मेण ५० ग्रॅम आणि सुगंधी तेल ४५ ग्रॅम. म्हणजे ५६० ग्रॅम मेणाला ८ टक्के सुगंध. मधमाशीचे मेण यापेक्षा वाढवू नका. त्याला स्वतःचा मधाळ वास असतो आणि मोगरा-जुईसारखे हलके वास त्याखाली दबतात. सगळे वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. चमच्याने मोजलेल्या तेलाचा वास प्रत्येक घाण्याला वेगळा येतो.

दुसऱ्या मापाचा ग्लास असेल, तर हव्या त्या रेषेपर्यंत पाणी भरून ते तोला आणि आकड्याला ०.८६ ने गुणा. तेवढे ग्रॅम मेण लागेल. वरच्या ग्लासात १७० मिलीपर्यंत भरले, तर सुमारे १४६ ग्रॅम बसते. चार ग्लास भरून २० ग्रॅमच्या आसपास उरते, ते नंतर लागेल.

खोबरेल तेल म्हणजे नारळाचे मेण नव्हे. खोबरेल २४ अंशांच्या पुढे पातळ होते, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस ते पातळच असते. ते मिसळलेली मेणबत्ती घामेजते. भांड्याचेही तसेच. करवंटी दिसायला सुंदर, पण ती जळाऊ आहे आणि तिला चीर गेली की मेण गळते. डिचोलीचे मातीचे भांडे आतून चकाकी दिलेले नसेल, तर मेण पिते. फेणीची बाटली कापून केलेला ग्लास कडेला ताणलेला असतो आणि उष्णतेने तडकू शकतो. जाड बुडाचा, सरळ भिंतीचा, उष्णता सोसणारा काचेचा ग्लासच घ्या.

ग्लास धुऊन पूर्ण कोरडे करा. पावसाळ्यात काचेवर न दिसणारा दमटपणा असतो, म्हणून ओतण्याआधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. मेण लावलेली सुती वात धातूच्या बैठकीसह घ्या, उष्णता सोसणाऱ्या स्टिकरने बरोबर मध्यभागी चिकटवा आणि वर दोन काड्यांमध्ये धरून सरळ ठेवा. वाती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओली वात तडतडते.

मोठ्या टोपात पाणी, त्यात मेणाचे भांडे, आणि आच मंद. आधी मधमाशीचे मेण आणि पॅराफिन वितळवा, मग सोया घाला. पाण्याचा एक थेंबही मेणात जाता कामा नये. सगळे एकजीव झाले की ८० अंशांपर्यंत न्या आणि शेगडीवरून उतरवा. ७५ अंशांना सुगंधी तेल घालून दोन मिनिटे हळूहळू ढवळा. जोरात ढवळले तर हवेचे बुडबुडे अडकतात. ढवळणे कमी पडले तर तेल तळाशी बसते आणि मेणबत्ती संपत आली की ज्योत भडकते. ६५ अंशांना सावकाश ओता. मेण पेटले तर पाणी कधीही टाकू नका, गॅस बंद करून भांड्यावर झाकण ठेवा. आणि मेण शेगडीवर असताना दाराची बेल वाजली, तर आधी गॅस बंद करा, मग उठा.

थंड होताना पंखा बंद ठेवा. वरचा थर लवकर आवळला आणि आतले मेण नंतर आकसले, की वातीभोवती खळगा पडतो. तसा पडलाच, तर उरलेले २० ग्रॅम ७० अंशांना तापवून पातळ थर ओता. काचेआड दिसणारे ओलसर चट्टे म्हणजे तिथे मेण काचेपासून सुटले आहे. ग्लास गार असला किंवा हवामान बदलले की ते येतात, जळण्यावर त्यांचा परिणाम नाही. सोयावर येणारी पांढरी बुरशीसारखी छटा ही बुरशी नसून स्फटिक असतात.

आता खरी मेहनत, ती वातीची. दुकानदाराने सांगितलेला नंबर हा फक्त अंदाज असतो. लागोपाठच्या तीन जाड्या घ्या आणि त्याच मिश्रणाचे, त्याच सुगंधाचे तीन ग्लास करा. सुगंध बदलला तर चाचणी पुन्हा, कारण प्रत्येक तेल वेगळे जळते. ग्लास झाकून १० ते १४ दिवस मुरू द्या. मग वात ५ मिलीमीटरवर कापा, पंखा बंद करून ४ तास जाळा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा कापा, पुन्हा जाळा. ग्लास संपेपर्यंत हेच. पहिल्या वेळी कडेला थोडे मेण राहिले म्हणून वात बदलायची घाई नको. खाली जाईल तसा ग्लास अधिक तापतो, आणि वर नीट वाटणारी वात तळाशी जाड ठरू शकते. तिसऱ्या जाळण्यापर्यंत वितळलेले मेण कडेला पोचून १० मिलीमीटरच्या आसपास खोल असावे. ग्लास हातात धरवत नसेल किंवा काजळी धरत असेल, तर एक जाडी खाली या. ज्योत मेणात बुडत असेल, तर एक वर जा. तळाशी १० मिलीमीटर मेण उरले की मेणबत्ती विझवायची, हे लेबलवर लिहा.

वास कमी येतो म्हणून तेल वाढवण्याचा मोह टाळा. बहुतेक वेळा वात बारीक असते किंवा मुरायला वेळ दिलेला नसतो. १० टक्क्यांपुढे मेण तेल धरत नाही, ते वर घामासारखे येते. तेलासोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकावर मेणबत्तीसाठी दिलेली कमाल मर्यादा वेगळी असेल, तर तीच पाळा. मोसंबी-लिंबाचे नैसर्गिक तेल लवकर उडून जाते, गवती चहाचे त्यापेक्षा टिकते. व्हॅनिलाने मेण तपकिरी पडते, तो दोष नाही. रंगासाठी मेणबत्तीसाठी मिळणारेच रंग वापरा. मुलांचा मेणखडू वितळवला तर त्याचे कण वातीत अडकतात, आणि खाण्याचा पाण्यातला रंग मेणात मिसळतच नाही. वर सजावटीला सुकी अबोली किंवा सुरंगी खोचू नका. ज्योत खाली उतरली की तीही पेटते.

ग्राहकाकडे नेताना ग्लास बंद गाडीत उन्हात ठेवू नका. फोंड्याहून किनाऱ्यावर सकाळी लवकर निघा, डबे सावलीत रचा. स्टॉलवर प्रत्येक वासाचा एकच ग्लास उघडा, बाकीचे झाकण लावून खोक्यात.