नाताळच्या सुट्टीत घारापुरीला जाताना या चुका टाळा

घारापुरीची, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाची, सहल बिघडते ती बहुधा गेटवे ऑफ इंडियाच्या तिकीटखिडकीसमोरच, लाँचमध्ये पाय ठेवण्याच्याही आधी. डिसेंबरच्या उत्तरार्धात समुद्र शांत असतो, आकाश कोरडे असते, शाळांना नाताळची सुट्टी लागलेली असते आणि त्यामुळे मुंबई पाहायला आलेले सगळेच जण एकाच आठवड्यात या बेटाकडे वळतात. बेट गेटवेपासून जेमतेम अकरा किलोमीटरवर आहे आणि लाँचने तेथे पोहोचायला तासभर लागतो. हे जवळपणच फसवे ठरते, कारण जवळ आहे म्हणून लोक उशिरा निघतात आणि दिवसाचा हिशोब निघण्याच्या वेळेपासून मांडतात. तो परतीच्या लाँचपासून उलटा मांडला पाहिजे.

पर्यटकांना बेटावर मुक्कामाची परवानगी नाही, परतीची शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास असते आणि डिसेंबरात मुंबईत सहाच्या आसपास सूर्य मावळतो. शेवटच्या लाँचवर विसंबणाऱ्यांची संख्या मोठी असते, म्हणून आपण चारच्या सुमाराची धरावी. त्यासाठी लेण्यांतून सव्वातीनपर्यंत निघावे लागते. लेण्यांना किमान दोन तास द्यायचे, तर एकच्या सुमारास वर असायला हवे; धक्क्यापासून पायथ्यापर्यंतचे अंतर आणि नंतरच्या सुमारे १२० पायऱ्या यांना थांबत-थांबत पाऊण तास लागतो, म्हणजे सव्वाबाराला बेटावर उतरायला हवे आणि अकराच्या लाँचमध्ये बसायला हवे. नाताळच्या आठवड्यात रांगेसाठी एक तास वेगळा धरला, की गेटवेवर पोहोचण्याची वेळ सकाळी दहाची ठरते, आणि तीही विशेष लवकरची नव्हे. पुण्याहून सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघालेला माणूस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर साडेदहाच्या सुमारास उतरतो. एरवी हे गणित जमून जाते, पण सुट्टीच्या दिवसांत लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील, तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम केलेला बरा.

वार आणि तारीख न पाहणे

लेणी सोमवारी बंद असतात. सार्वजनिक सुट्टी सोमवारी आली की ही गोष्ट हमखास विसरली जाते. साप्ताहिक सुट्टीचा दुसरा परिणाम असा, की सोमवार हुकलेले लोक मंगळवारी येतात आणि रविवारी तर पाय ठेवायला जागा नसते; म्हणून बुधवार ते शुक्रवार यांतला दिवस निवडावा. चुकून सोमवारी गेटवेवर येऊन थडकलाच असाल, तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावे, कारण ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आता तेथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बागेची आणि संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते, हेही लक्षात ठेवावे. ३१ डिसेंबरला मात्र घारापुरीचा विचारच करू नये. त्या दिवशी दुपारनंतर गेटवेच्या परिसरात पोलिसांचे वाहतूक निर्बंध लागू होतात आणि बेटावरून परतल्यावर वाहन मिळवण्यातच संध्याकाळ जाते.

भरती-ओहोटीचा विचार न करणे

हा मुद्दा प्रवासाच्या माहितीपत्रकांत क्वचितच सापडतो, पण वृद्धांना बरोबर नेणाऱ्यांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची, भरती साडेचार मीटरहून उंच जाते आणि तेवढेच पाणी काही तासांत ओसरते. भरतीला लाँचची कड धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांशी टेकते. ओहोटीला तीच लाँच बरीच खाली जाते आणि शेवाळलेल्या, ओल्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यात गर्दीच्या दिवशी गेटवेवर लाँच एकमेकींना लागून बांधलेल्या असतात, त्यामुळे एका लाँचवरून दुसरीवर पाय टाकत जावे लागते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला हे अंतर फार वाटते.

भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते. याचा अर्थ असा, की पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे गेल्यास दुपारी बेटावर उतरणे सोयीचे होते, पण संध्याकाळी परतताना पाणी नेमके खाली गेलेले असते आणि उधाणाची ओहोटी असल्यामुळे ते फारच खाली गेलेले असते. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी पाणी वर असते, भरती-ओहोटीतला फरकही कमी असतो आणि परतणे सुखाचे होते. दिनदर्शिकेत सुट्टी पाहताना त्याच चौकटीतली तिथीही पाहिली, तर एवढी माहिती फुकट मिळते.

लाइफ जॅकेट मांडीवर ठेवणे

१८ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे याच हंगामात, घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे झाले, तरीही छायाचित्र चांगले यावे म्हणून ते काढून बाजूला ठेवणारे लोक दिसतात. जॅकेटचे बंद बांधलेले नसतील, तर ते असून नसल्यासारखे असते. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निसटते. म्हणून मुलाच्या मापाचे मागून घ्यावे आणि ते नसेल किंवा लाँच गच्च भरलेली दिसली, तर पुढच्या लाँचची वाट पाहावी.

हिवाळ्यात यात आणखी एका मोहाची भर पडते. थंडीत स्थलांतर करून आलेले कुरव पक्षी लाँचच्या मागे घिरट्या घालतात आणि प्रवासी त्यांना वेफर, गाठ्या, फरसाण भरवतात. तेलकट, खारट खाणे त्यांच्या पोटाला घातक असतेच, पण त्यासाठी वरच्या मजल्यावरचे सगळे लोक एकाच कठड्याशी जमतात, ही अधिक काळजीची गोष्ट आहे. पक्षी जागेवर बसूनही छान दिसतात.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीचा अंदाज येथे लागू पडत नाही. सकाळच्या लाँचवर वारा झोंबतो, दुपारी त्याच स्वेटरचे ओझे घेऊन घामाघूम होत पायऱ्या चढाव्या लागतात. एखादी शाल किंवा पातळ जाकीट पुरते, टोपी मात्र हवीच. पायऱ्या चढवत नसतील त्यांच्यासाठी डोली मिळते. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे.

त्रिमूर्ती पाहून परत फिरणे

मुख्य लेण्यात शिरणारा बहुतेक माणूस सरळ समोर चालत जातो, सदाशिवाच्या सुमारे अठरा फूट उंच त्रिमुखी मूर्तीसमोर छायाचित्र काढतो आणि दहा मिनिटांत बाहेर येतो. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या, साधारणतः सहाव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या या लेण्याला एवढाच वेळ देण्यासाठी दोन तासांचा समुद्रप्रवास करण्यात अर्थ नाही. लेण्याला दोन अक्ष आहेत, हे ध्यानात घेऊन ते पाहावे. उत्तरेच्या प्रवेशद्वारातून दक्षिणेच्या भिंतीतल्या सदाशिवाकडे जाणारा एक, आणि पूर्वेच्या अंगणातून चार दारांच्या लिंगमंदिराकडे जाणारा दुसरा. त्या प्रत्येक दारापाशी दोन भव्य द्वारपाल उभे आहेत. सदाशिवाच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूला गंगाधर आहे; याशिवाय कल्याणसुंदर (शिव-पार्वतीचा विवाह), अंधकासुरवध, नटराज, महायोगी शिव आणि कैलास हलवणारा रावण हे शिल्पपट आहेत. कल्याणसुंदरातली पार्वतीची लाजरी मान पाहण्यासाठी थोडा वेळ तेथेच उभे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

समोर गर्दी असेल, तर सदाशिवाकडे आधी जाऊ नये. कडेचे शिल्पपट पाहून घ्यावेत, तोवर एका लाँचमधली माणसे निघून जातात आणि दुसरीतली यायला अवकाश असतो. फ्लॅश मारल्यास चेहऱ्यांवरचा उठाव नाहीसा होतो; खांबाला टेकून, हात स्थिर ठेवून अंगणाकडून येणाऱ्या उजेडात काढलेली चित्रे अधिक बरी येतात.

पायऱ्यांवर आणि वर लेण्यांच्या आवारात माकडे आहेत, आणि त्यांना प्लास्टिकची पिशवी व बाटली यांचा अर्थ पक्का ठाऊक आहे. खाद्यपदार्थ बंद सॅकमध्ये ठेवावेत आणि माकडाने काही ओढलेच, तर रस्सीखेच न करता ते सोडून द्यावे. ग्रामपंचायतीचा कर, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या आगगाडीचे तिकीट आणि काकडी-कणसांची खरेदी यांसाठी सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी गावे आहेत. समुद्राखालून टाकलेल्या केबलद्वारे तेथे वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. वाड्यांतून फिरताना कोणाच्या अंगणात, दारात विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नये आणि नेलेल्या बाटल्या परत आणाव्यात. परतीच्या तिकिटाचा तुकडा मात्र खिशात जपून ठेवावा. तो हरवल्याचे लोकांच्या लक्षात येते ते धक्क्यावर, मागे शंभर माणसांची रांग आणि पुढे सुटायला टेकलेली लाँच असताना.