ट्रिम सोडला की हेलिकॉप्टर उसळतं? उपाय

डीसीएस या फ्लाइट सिम्युलेटर गेममध्ये ह्यूई किंवा का-५० हेलिकॉप्टर उडवताना ट्रिमचं (स्टिकची जागा कायम करणारं) बटण सोडताक्षणी नाक एका बाजूला झेपावतं. कारण सोपं आहे. ट्रिम दाबल्यावर सायक्लिकची (हेलिकॉप्टर पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या दांड्याची) जागा सिम्युलेटर धरून ठेवतो, पण स्प्रिंगची जॉयस्टिक हात तिथेच असल्यानं तेवढाच इनपुट पुन्हा देते. इनपुट दुप्पट होतो.

ऑप्शन्समधल्या स्पेशल टॅबमध्ये त्या हेलिकॉप्टरसाठी सेंट्रल पोझिशन ट्रिमर मोड निवडा. आता ट्रिम केल्यावर स्टिक मध्यावर येईपर्यंत तिची हालचाल मोजलीच जात नाही. म्हणून बटण सोडल्यावर स्टिक लगेच मध्यावर न्या. रेंगाळलात तर मधल्या वेळात नियंत्रण नसतं. होवरमध्ये (हवेत एका जागी तरंगताना) हे महागात पडतं.

तरी स्टिक अडकल्यासारखी वाटली तर बहुधा मध्यबिंदू थरथरतोय. पिच (पुढे-मागे) आणि रोलला (डावी-उजवीकडे) २-३ टक्के डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित करणारा पट्टा, द्या, त्याहून जास्त नको. पेडलला स्प्रिंग नसेल तर पेडल ट्रिम बंदच ठेवा, नाहीतर शेपूट भरकटते. स्टिकलाही स्प्रिंग नसेल तर त्याच यादीतला स्प्रिंगविरहित जॉयस्टिकचा पर्याय घ्या.

तपासायला उजवा कंट्रोल आणि एंटर दाबा: पडद्यावर सायक्लिकची खरी जागा दिसते.