स्मार्ट स्किन पॅच भलतेच आकडे दाखवतोय? या चुका टाळा

त्वचेचा ओलावा, तापमान, घाम किंवा पीएच (म्हणजे आम्लता) मोजणारा, अंगाला चिकटवायचा पॅच वेडेवाकडे आकडे दाखवू लागला की आपला हात आधी मोबाइलच्या ॲपकडे जातो. आधी पॅचखालची त्वचा पाहा. तिचा सर्वांत वरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो. त्यावर क्रीम किंवा तेल असेल, तर ओलाव्याचा सेन्सर त्वचेऐवजी क्रीमच मोजत बसतो. त्यामुळे मॉइश्चरायझर लावून लगेच पॅच चिकटवू नका.

साबणाचंही तसंच. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5 च्या आसपास. नेहमीचा साबण मात्र अल्कधर्मी. त्यामुळे अंघोळीनंतर काही तास पीएच चढा दिसू शकतो, त्यावरून त्वचा बिघडली असं समजू नका. जागा स्पिरिटने पुसली असेल तर ती पूर्ण वाळू द्या. केस काढायचे तर ट्रिमर वापरा, कारण ब्लेडने बारीक ओरखडे पडतात आणि तिथे गोंद झोंबतो.

रात्रीच साखर एकदम खाली दाखवणारे ग्लुकोज पॅच अनेकांना घाबरवतात. पॅच लावलेल्या कुशीवर झोपल्याने सेन्सरवर दाब येतो आणि आकडा खोटाच घसरतो. कूस बदला आणि बोटातल्या रक्ताने खात्री करा. मात्र घाम, थरथर अशी लक्षणं असतील तर खात्रीसाठी थांबू नका, साखर घ्या.

औषध सोडणाऱ्या पॅचबाबत मात्र जराही ढिलाई नको. गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं की त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध जास्त वेगाने शरीरात जातं. काही औषधांत हे जिवावर बेतू शकतं. स्वतःच्या मनाने पॅच कापू नका, जुना न काढता नवा लावू नका. एमआरआयला जाताना पॅचची माहिती आधी द्या. काहींमध्ये धातू असतो आणि त्याने त्वचा भाजू शकते.

पॅच काढल्यावर थोडी लाली उरते, ती ओसरते. पण खाज, पुरळ किंवा फोड आले आणि ते पॅचच्या कडेबाहेर पसरू लागले, तर गोंदाची ॲलर्जी असू शकते. गोंदातली ॲक्रिलेट नावाची रसायनं हे त्याचं एक ओळखीचं कारण आहे. अशा वेळी जागा बदलून उपयोग होत नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि पॅच ओरबाडू नका: कडेला थोडं तेल सोडा, त्वचा धरून हळूहळू सोलत न्या. नंतरचं तेल नीट धुतल्याशिवाय तिथे नवा पॅच टिकणार नाही.