टाकीतला फ्युएल सेंडर टिकाऊ बनवायचा असेल तर सुरुवात वाइपरच्या टोकापासून करा

फ्युएल गेजचा काटा नाचायला लागला, किंवा टाकी भरलेली असताना रिकामी दाखवायला लागला, की सगळे आधी मीटरवर संशय घेतात, पण बऱ्याचदा मीटर बिचारा बरोबर असतो आणि गडबड टाकीतल्या सेंडरमध्ये, म्हणजे इंधनाची पातळी मोजून गेजला सिग्नल देणाऱ्या भागात असते, त्यातही नेमकी तिथे जिथे वाइपरचं, म्हणजे सरकत्या काँटॅक्टचं, टोक रेझिस्टन्सच्या पट्टीला टेकतं. फ्लोट ठीक, दांडा ठीक, वायरिंग ठीक, फक्त त्या मोहरीएवढ्या जागेवर झीज झालेली असते नाहीतर थर चढलेला असतो. म्हणून सेंडर डिझाइन करताना मी आधी काँटॅक्ट ठरवतो आणि बाकी सगळं त्याच्या सोयीने बसवतो.

तत्त्व सोपं आहे, फ्लोट वरखाली होतो, दांडा फिरतो, वाइपर पट्टीवर सरकतो आणि रेझिस्टन्स बदलतो. रेंज कुठली घ्यायची ते समोरचा गेज ठरवतो. जुन्या अमेरिकन पद्धतीच्या गेजना रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहम लागतात, युरोपियन गेजमध्ये बऱ्याचदा उलटं, रिकामी १० आणि भरलेली १८०. पण सिग्नल थेट ईसीयूला, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटला, जाणार असेल आणि रेंज तुमच्या हातात असेल तर कुठलंच टोक शून्याला नेऊ नका, ५० ते ३०० ओहम घ्या, म्हणजे शॉर्ट झालं की ५० च्या खूप खाली दिसेल, वायर तुटली की ३०० च्या खूप वर, आणि दोन्ही फॉल्ट लगेच ओळखता येतील.

आता काँटॅक्टच्या थराने किती फरक पडतो ते बघा. समजा दोन वायरचा सेंडर आहे, ५ व्होल्ट सप्लाय आणि १ किलोओहम पुलअप, म्हणजे सप्लाय आणि सेंडर यांच्यामधला रेझिस्टर. करंट साधारण ४ ते ५ मिलीअँप. वाइपरखाली थर चढून २० ओहम वाढले तर २५० ओहमच्या रेंजमध्ये ती ८ टक्के चूक झाली, म्हणजे ५० लिटरच्या टाकीत ४ लिटर, आणि रिझर्व्हला आलेल्या माणसासाठी ४ लिटर खूप असतात. तेच तीन वायर घेऊन पट्टी व्होल्टेज डिव्हायडरसारखी जोडली, म्हणजे तिच्या दोन टोकांना सप्लाय देऊन मधलं व्होल्टेज वाइपरने वाचलं, आणि वाइपरचं टोक १०० किलोओहमच्या इनपुटला दिलं तर ते २० ओहम जवळपास दिसतच नाहीत. मला विचाराल तर शक्य असेल तिथे तीन वायरच घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, तेव्हा वाइपरमधून करंट इतका कमी जातो की थर फोडायला विजेची मदत मिळत नाही, त्यामुळे धातूची निवड आणखी कडक करावी लागते.

पट्टीचं म्हणाल तर पूर्वी कार्डावर, म्हणजे चपट्या पाटीवर, नायक्रोमची (निकेल-क्रोमियमची) तार गुंडाळायचे आणि वाइपर थेट तारेवर घासायचा, ती तार झिजून तुटायची. हल्ली ९६ टक्के अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) सिरॅमिक कार्डावर थिक फिल्म शाई, म्हणजे भाजल्यावर घट्ट बसणारी कंडक्टरची किंवा रेझिस्टरची शाई, छापतात आणि साधारण ८५० डिग्री सेल्सिअसला भाजतात. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाइपर रेझिस्टरच्या शाईवर चालवायचाच नाही. कंडक्टरच्या बारीक समांतर पट्ट्या छापायच्या, त्या सगळ्या एका बाजूला रेझिस्टरला जोडायच्या आणि वाइपर फक्त त्या पट्ट्यांवरून सरकवायचा. रेझिस्टरला कोणी शिवतच नाही त्यामुळे त्याची व्हॅल्यू झिजेने बदलत नाही, हवं तर लेझरने थोडा कापून व्हॅल्यू नेमकी करा आणि वरून काचेचा थर द्या. ४५ लिटरच्या टाकीला ६० पट्ट्या असतील तर एक पायरी सरासरी पाऊण लिटरची, डॅशबोर्डवरच्या काट्याला ते पुरेसं आहे. वाइपरची टेकणारी रुंदी दोन पट्ट्यांमधल्या फटीपेक्षा जास्त हवीच, पुढची पट्टी धरल्याशिवाय मागची सुटता कामा नये.

आता सगळ्यात मोठा शत्रू, गंधक. कंडक्टरच्या शाईत चांदी असते कारण ती स्वस्त आणि चांगली वाहक, पण पेट्रोलमध्ये मोकळं गंधक, हायड्रोजन सल्फाइड किंवा मरकॅप्टन (गंधकाची सेंद्रिय संयुगं) थोडे जरी आले तरी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो आणि वाइपर त्याच्यावर बसून राहतो. एकूण गंधक कमी असलेल्या पेट्रोलमध्येही हे होऊ शकतं कारण प्रश्न एकूण आकड्याचा नसून गंधक कुठल्या रूपात आहे त्याचा आहे, म्हणूनच पेट्रोलच्या एएसटीएम डी ४८१४ स्पेसिफिकेशनमध्ये चांदीच्या पट्टीची, म्हणजे इंधनात चांदी काळी पडते का ते बघायची, वेगळी टेस्ट आहे. डिझाइनमध्ये उपाय असे की शाईत पॅलेडियमचं प्रमाण वाढवा, जिथे वाइपर टेकत नाही तो सगळा भाग काचेखाली झाका, आणि बजेट असेल तर वाइपरच्या वाटेपुरती सोन्याची शाई छापा. बचत करायची तर दुसरीकडे करा, इथे नको.

वाइपरच्या टोकाला पॅलेडियम, प्लॅटिनम, सोनं, चांदी, तांबं यांचे मिश्रधातू वापरतात. नुसतं पॅलेडियम वापरू नका, सेंद्रिय वाफांमध्ये पॅलेडियम किंवा प्लॅटिनम सतत घासलं की तिथे तपकिरी चिकट भुकटी तयार होते, तिला घर्षणाने बनलेलं पॉलिमर म्हणतात आणि ती वीज वाहत नाही, सोनं मिसळलं की हा त्रास कमी होतो. आणि वाइपरला एकच बोट ठेवू नका, तीन-चार वेगळी बोटं द्या, प्रत्येकाची लांबी थोडी कमीजास्त, म्हणजे खड्ड्यातल्या हादऱ्याने सगळी एकाच वेळी उचलली जाणार नाहीत.

स्प्रिंगचा दाब किती ठेवायचा हा प्रश्न इथेच येतो. जास्त दाबला की झिजतो आणि फ्लोट अडकतो, कमी ठेवला की थर फुटत नाही आणि काटा नाचतो. अंदाज नको, हिशोब करा. फ्लोट ३० सीसीचा, १० चौरस सेंटिमीटर आडवा छेद, वजन ९ ग्रॅम. दांडा २०० मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड स्टेनलेस तार, वजन साधारण ५ ग्रॅम, त्यातलं निम्मं फ्लोटवर येतं. म्हणजे फ्लोटला ११.५ ग्रॅम तोलायचे आहेत, पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर साधारण १५.५ सीसी भाग बुडेल, म्हणजे फ्लोट जवळपास निम्मा बुडून तरंगेल, आणि हेच हवं असतं कारण वर जायला आणि खाली यायला सारखी ताकद मिळते. आता वाइपर पिव्हटपासून, म्हणजे दांडा ज्या बिंदूभोवती फिरतो तिथून, २० मिलिमीटरवर, एकूण दाब २० ग्रॅम, घर्षण गुणांक ०.३ घेतला तर घर्षण ६ ग्रॅम, पण दांडा दहापट लांब असल्यामुळे फ्लोटपाशी ते फक्त ०.६ ग्रॅम. तेवढ्यासाठी ०.८ सीसी जास्त बुडावं लागतं, म्हणजे ०.८ मिलिमीटर. लेव्हल चढताना आणि उतरताना मिळून दीड मिलिमीटरचा फरक, चालण्यासारखं आहे. दाब दुप्पट केला तर हा फरकही दुप्पट. पिव्हटचं घर्षण वेगळं, म्हणून तिथे ढिलाई आणि घट्टपणा दोन्ही तपासा.

फ्लोट बंद पेशींच्या नायट्राइल फोमचा घ्या. पोकळ फ्लोटला बारीक चीर गेली की आत पेट्रोल भरतं आणि तो कायमचा तळाला बसतो, फोममध्ये एक कोपरा तुटला तरी तरंगत राहतो. बॉडीला अॅसिटल चांगलं. उघडं तांबं, पितळ आणि जस्ताचं प्लेटिंग टाकीत नकोच, तांब्यामुळे इंधनात डिंक लवकर तयार होतो आणि जस्त डिझेलमध्ये, विशेषतः बायोडिझेलमध्ये, विरघळतं.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर आणखी एक भानगड. साधं पेट्रोल जवळपास वीज वाहत नाही पण इथेनॉल वाहतं आणि पाणीही धरून ठेवतं, त्यामुळे शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये सतत डीसी व्होल्टेज राहिलं तर हळूहळू धातू खाल्ला जातो. म्हणून सेंडरला सतत सप्लाय देऊ नका, काही मिलिसेकंदांचा पल्स द्या, वाचा, बंद करा. करंट आणि ऊर्जा बांधून ठेवणं टाकीतल्या वाफांच्या दृष्टीनेही गरजेचं आहे, फॉल्ट झाला तरी ठिणगी पडण्याइतकी ऊर्जा आत पोचलीच नाही पाहिजे.

प्लास्टिकची टाकी असेल तर ती इंधनाने फुगते आणि तळ खाली झुकतो, म्हणून सेंडर वरून लटकवण्यापेक्षा स्प्रिंगने तळाला दाबून बसवा, म्हणजे माप तळापासून मोजलं जाईल. टाकी वेडीवाकडी असते पण त्यासाठी रेझिस्टरच वेडावाकडा छापायचा मोह टाळा, पट्टी सरळ ठेवा आणि लिटरचा तक्ता ईसीयूत टाका. कार्ड उभं बसवा म्हणजे झिजलेली भुकटी खाली पडेल, आणि दोन्ही टोकांना शेवटच्या पट्टीपलीकडे थोडी मोकळी जागा सोडा, वाइपर ढकलत नेलेली भुकटी तिथे जमते.

टेस्टिंगमध्ये लोक फुल स्ट्रोकचे सायकल मोजतात आणि खूश होतात, पण खरी झीज तिथे नसतेच. गाडी चालताना इंधन डचमळतं आणि वाइपर त्याच दोन-तीन पट्ट्यांवर पुढेमागे करत राहतो. सेकंदाला एकदा जरी धरलं तरी ४,००० तास चाललेल्या गाडीत १ कोटी ४४ लाख वेळा. त्यामुळे दोन्ही टेस्ट घ्या, पूर्ण स्ट्रोक वेगळा आणि अर्ध्या टाकीच्या आसपासचं हे बारीक हलणं वेगळं. इंधन नुसतं पंपावरचं नको, एसएई जे १६८१ या मानकात टेस्टसाठीच्या इंधनांची मिश्रणं दिली आहेत, त्यात इथेनॉल, पाणी, पेरॉक्साइडवाली कठोर मिश्रणंही आहेत, ती वापरा. आणि हे बंद चेंबरमध्ये, नायट्रोजन भरूनच, उघड्या भांड्यात पेट्रोल ठेवून मोटरने वाइपर हलवायचा प्रकार कोणीही करू नये.

सिग्नल बघताना फिल्टर काढून कच्चा सिग्नल ऑसिलोस्कोपवर बघा. डॅशबोर्ड कित्येक सेकंदांची सरासरी काढतो, त्यात छोटे ड्रॉपआउट, म्हणजे सिग्नल क्षणभर तुटणं, लपतात, आणि तेच नंतर मोठे होतात. ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्येही ओपन (सर्किट तुटल्यासारखं) आलेलं रीडिंग सरासरीत घेऊ नका, फेकून द्या, आणि ते सारखं येत असेल तर फॉल्ट नोंदवा. टेस्ट संपल्यावर कार्ड न पुसता मायक्रोस्कोपखाली धरा, कारण पुसलं की पुरावा जातो. काळं दिसलं तर गंधक, तपकिरी भुकटी दिसली तर पॉलिमर, पट्टीमधून पांढरं सिरॅमिक डोकावत असेल तर दाब जास्त आहे किंवा शाईचा थर पातळ.